कोठारातून गेलेला आवाज

१

थोरलीने फोल्डर उघडलं. ते जवळजवळ रिकामं होतं.

आत बाबांचा आवाज असायला हवा होता. महिनाभर रोज दुपारी माइकसमोर बसून बाबांनी वाचलेली शेकडो वाक्यं. त्यातली अगदी सुरुवातीच्या दिवसांची तेवढी जागेवर होती. बाकी सगळं साफ. तिने फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं, मग दुसऱ्या लॅपटॉपवरून उघडलं, मग फोनवरून. कुठूनही उघडा, तेच.

बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीत बसून तिची वाट बघत होते. गळ्याला पट्टी होती. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. म्हणजे बाबांचा आवाज आता या जगात एकाच ठिकाणी उरला होता, घरच्या कोठारात. निदान उरायला हवा होता.

कोठार म्हणजे काय, तर अंथरुणं-पांघरुणं ठेवायच्या लहानशा खोलीत कपाटावर बसवलेला एक चिमुकला कॉम्प्युटर आणि शेजारी त्याला जोडलेली एक मोठी डिस्क. घरातले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं, गाणी, सगळं थोरलीने हळूहळू तिथं आणून ठेवलं होतं. आपल्या आठवणी कुठल्याशा कंपनीच्या दारात कशाला टाकायच्या, असं तिचं म्हणणं. ही या घरची मोठी सून. धाकटी अजून यायचीच होती, पण हिचं नाव मात्र पहिल्या दिवसापासून थोरली पडलं ते पडलंच.

बाबांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. शेजारच्या सीटवर बसून ते असे शांतपणे बोलायचे, की स्टिअरिंगला घोरपडीसारखा चिकटलेला माणूसही दोन वळणांत सैलावायचा. तो आवाज जाणार हे कळल्यावर थोरलीने एक युक्ती काढली. वाक्यं वाचून घ्यायची, ती एका प्रोग्रॅमला ऐकवायची, प्रोग्रॅम आवाज शिकणार, आणि मग बाबा फोनवर जे टाइप करतील ते त्यांच्याच आवाजात ऐकू येणार. बाबांची एकच अट होती. "माझा आवाज परक्याच्या घरी राहायला जाणार नाही." म्हणून तो प्रोग्रॅमही कोठारातच चालणार होता. आज सकाळीच ती बाबांना म्हणाली होती, "आज कामाला लागते. लवकरच बोलाल तुम्ही."

आणि आता हे.

तिने मागे वळून पाहिलं. दारात मावशी उभी होती, हातात चहाचा कप.

"तुझा चेहरा मला ओळखीचा आहे," मावशी म्हणाली. "घरफोडी झालेल्या लोकांचा असतो तसा. काय गेलं?"

२

मावशी म्हणजे आईंची धाकटी बहीण. विमा कंपनीत तपासनीस होती. कुणाच्या गोदामाला आग लागली, कुणाचे दागिने चोरीला गेले, की खरं काय झालं ते हुडकून काढायला हिला पाठवायचे. निवृत्त झाली, पण समोरच्याला खोदून खोदून विचारायची खोड काही गेली नव्हती. बाबांच्या ऑपरेशनपासून ती मदतीला इथेच होती, आणि बहुतेक मदत खुर्चीवर बसूनच करत होती.

तिने दार लोटून घेतलं. "दाजींना आत्ता काही कळू द्यायचं नाही. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा सरळ भाषेत सांग. हे पुसायचा अधिकार कुणाकुणाला?"

"मला. यांना. धाकट्या भाऊजींना. आणि स्वतः बाबांना."

"हे" म्हणजे थोरलीचा नवरा. तो पूल बांधायच्या कामावर दूर होता, ऑपरेशनपुरता आला आणि गेला. त्याने कोठार उघडलंच नव्हतं, ते थोरलीने नोंदी पाहून लगेच सांगितलं.

"दुसरी प्रत?"

"आहे ना! माझ्या माहेरी. पप्पांच्या टीव्हीमागे एक पेटी ठेवलीय. मोठ्या डिस्कवर जे काही असेल ते रोज आपोआप तिकडे जातं. इथं कुणी चुकून पुसलं तरी तिकडे कितीतरी महिने टिकतं. त्यासाठीच तर केलंय."

"मग रडतेस कशाला? तिकडून आण."

"तेच तर, मावशी. तिकडेही नाहीत. तिकडेही फक्त सुरुवातीची."

मावशीने कप खाली ठेवला. "म्हणजे चोर दोन्ही घरांत जाऊन आला. माहेरच्या पेटीची किल्ली कुणाकडे?"

थोरलीला उत्तर द्यायला जड गेलं. "माझ्याकडे. आणि अडीअडचणीला असावी म्हणून भाऊजींना दिलीय."

"बोलव त्याला," मावशी म्हणाली.

३

धाकटे भाऊजी एका मोठ्या कंपनीत होते आणि कोठारावर त्यांचा पहिल्यापासून राग होता. जगातली सगळी माणसं महिन्याला चार पैसे देऊन निवांत झोपतात, आणि आपल्या घरात वहिनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कपाटावर चढते, हे त्यांचं पालुपद.

"तू माहेरच्या पेटीत गेला होतास का?" मावशीने आडवळण न घेता विचारलं.

भाऊजींचा चेहरा पडला. "गेलो होतो."

थोरलीची कानशिलं तापली. "कशाला?"

"बाबांची वाक्यं कॉपी करून घ्यायला. मी दुसरीकडे जागा विकत घेतली होती, तिथं ठेवणार होतो. तुला न सांगता."

"बाबांची अट मोडून?"

"हो, मोडून!" भाऊजींचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "वहिनी, तुझं कोठार महिनाभर दुपारच्या झोपा काढत होतं. मी ऑफिसातून फोटो उघडायला जावं तर काही नाही. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर ठणठणीत. अशा यंत्रावर बाबांचा आवाज ठेवायचा? तो गेल्यावर ती अट घेऊन मी काय करणार होतो?"

"हे मला का नाही सांगितलंत?"

"तू ऑफिस आणि दवाखाना यांच्यात धावत होतीस. त्यात तुझ्या कोठाराला नावं ठेवायला जीभ रेटेना."

थोरलीला यावर चिडावं की त्यांना मिठी मारावी ते कळेना. मावशीला मात्र दोन्हींची गरज नव्हती. "कॉपी केलंस?"

"कसलं काय! तिथं सुरुवातीची चार-दोन वाक्यंच होती. मला वाटलं, बाकीची वहिनीने आणखी कुठं सुरक्षित ठेवली असतील."

"कधीची गोष्ट?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची."

मावशी डोळे मिटून बसली. मग थोरलीकडे वळली. "कोठाराने तुझ्याकडे काही तक्रार केली होती?"

"केली होती. डिस्क सापडत नाही, डिस्क सापडली, असे निरोप रोज येत होते. वायर ढिली असेल, सवडीने बघू म्हणून मी ते निरोपच बंद करून टाकले. मग छोट्या कॉम्प्युटरची जागा भरत आली म्हणूनही कुरकुर होती. त्याच्या आत खरं तर काही ठेवतच नाही आपण. ठेवतो ते मोठ्या डिस्कवर."

"हं," मावशी म्हणाली. भाऊजींच्या पाठीवर तिने हात ठेवला. "जा बाळा. तू चोर नाहीस. नुसताच आगाऊ आहेस."

ते गेल्यावर थोरली हळूच म्हणाली, "मग आता उरलं कोण?"

दोघींनाही उत्तर माहीत होतं. ते बाहेर खुर्चीत बसलं होतं.

४

थोरलीला भीती वाटत होती ती हीच. सुरुवातीला बाबा एकदा म्हणाले होते, "यंत्र माझ्यासारखं बोललं म्हणजे मी बोललो असं होतं का गं?" तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं. पण त्यांनीच सगळं पुसून टाकलं असेल तर? यंत्राच्या तोंडून बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं असेल तर? मग आवाज सापडूनही उपयोग नव्हता. तिला रडूच कोसळलं.

"आधीच कशाला रडतेस?" मावशी म्हणाली. "विचारू की. तोंडाला कुठं कुलूप आहे आपल्या?"

बाहेर बाबांशेजारी आई बसल्या होत्या, त्यांच्या शर्टाचं बटण लावत. मावशीने समोर स्टूल ओढलं. "दाजी, खरं सांगा. ती वाक्यं तुम्ही पुसलीत?"

बाबांनी चमकून वर पाहिलं. जोरजोरात मान हलवली. फोन उचलून टाइप केलं आणि पडदा थोरलीपुढे धरला. 'सगळी गेली?'

थोरली त्यांच्या पायाशी बसली. "शोधतेय, बाबा. सापडतील." आपलंच बोलणं तिला खोटं वाटलं.

बाबांनी पुन्हा टाइप केलं. 'रोज बसलो की दिसायची. कालची, परवाची, सगळी ओळीने. बघून बरं वाटायचं.' मग थांबून आणखी एक ओळ. 'फक्त अगदी पहिली दिसायची नाहीत. वाटलं, ती चांगली नाहीत म्हणून तू काढलीस.'

"मी काहीच काढलं नाही!" थोरली म्हणाली.

मावशी मात्र एकदम ताठ बसली. "थांब. तुला जी दिसतात, ती यांना दिसत नव्हती. यांना जी दिसत होती, ती तुला दिसत नाहीत. बरोबर?"

"हो, पण हे कसं शक्य आहे? फोल्डर एकच आहे."

"आणि दाजी फोल्डर बघायचे दुपारी. तू बघतेयस सकाळी." मावशी बाबांकडे वळली. "दाजी, वाचायला बसायचात तेव्हा खोलीत आणखी कोण असायचं?"

बाबांनी शेजारी हात केला. पण शेजारची जागा रिकामी होती. आई केव्हाच उठून आत गेल्या होत्या, आणि स्वयंपाकघरात उगाचच नळ वाहत होता.

५

मावशी बहिणीच्या मागे गेली नाही. ती थोरलीला घेऊन कोठाराच्या खोलीत आली. "आहेत ती वाक्यं ऐकव."

थोरलीने लावली. बाबांचा आवाज खोलीत पसरला. 'उजवीकडे बघा. आरशात बघा. आता निघा.' दोघी किती दिवसांनी ऐकत होत्या! पण त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. घूंऽऽ असा, न थांबणारा.

"ही घरघर कसली?"

"मोठ्या डिस्कची. छोटा कॉम्प्युटर मुका आहे, पण ही फिरते ना. घरातली सगळ्यात शांत खोली हीच, म्हणून इथं बसवलं बाबांना. या घरघरीचा विचारच केला नाही मी."

जागेवर असलेल्या वाक्यांपैकी शेवटचं लावलं. बाबा वाचता वाचता मध्येच थांबले होते. 'ते घूं घूं येतंय का गं यात?' आणि लांबून आईंचा आवाज. 'येतंय. सगळ्यात येतंय.' त्यानंतर काही नव्हतं.

मावशीने भिंतीवरच्या बटणांकडे मान वर करून पाहिलं. तिथं थोरलीच्याच अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती, 'कृपया कुणीही हात लावू नये'. बटणांवर धुळीचा पातळ थर होता. एकच बटण लख्ख होतं.

"हे कशाचं?"

"मोठ्या डिस्कचं," थोरली म्हणाली.

"आता ऐक," मावशी म्हणाली. "माझ्या नोकरीत एक गोष्ट शिकले. वस्तू चोरीला गेली असं कुणी म्हणालं, की आधी विचारायचं, ती त्या जागी होती का? मोठ्या डिस्कवरचं सगळं तुझ्या माहेरी जातं, पुसलेलंही टिकतं. ही वाक्यं तिथं पोचलीच नाहीत. ऑपरेशनच्या आधी धाकट्याने पाहिलं तेव्हाही नव्हती. म्हणजे ती या मोठ्या डिस्कवर कधी आलीच नव्हती. कुणी पुसली नाहीत आणि कुणी नेलीही नाहीत. धाकट्याला दुपारी फोटो दिसायचे नाहीत, का? तर दुपारी डिस्क बंद असायची. आणि ती कोण बंद करायचं, हे मी नाही सांगणार. ती स्वतःच सांगेल."

दारात आई उभ्या होत्या. पदराने हात पुसत होत्या, पण हात कोरडेच होते.

६

"मी बंद करायचे," आई म्हणाल्या. "त्या घरघरीने माझं डोकं उठलं होतं. हे इतका जीव ओतून वाचत होते, गळा दुखायचा, मध्ये मध्ये पाणी लागायचं. आयुष्यातलं शेवटचं बोलणं, आणि त्यात ते घूं घूं? मला सहन होईना. एक एक बटण बंद करून पाहिलं. या बटणाने घरघर थांबली, आणि यांचं पडद्यावरचं वाचायचं पान तरीही चालू होतं. मग रोज तसंच करायचे. वाचून झालं की पुन्हा चालू."

"मला सांगायचं ना, आई!"

"कसं सांगू? तू एवढी चिठ्ठी लावलीस. घरात तुझा एकच नियम, आणि तोच मी मोडायचा?" आईंचे डोळे भरले. "तुझ्या लक्षात येऊ नये म्हणून तू यायच्या आत चालू करून ठेवायचे. खरं सांग, माझ्या हातून गेला का गं त्यांचा आवाज?"

चालत्या डिस्कची वीज रोज खटकन बंद! एरवी हे ऐकून थोरलीने कपाळाला हात लावला असता. पण आईंच्या त्या प्रश्नापुढे तिला दुसरं काही सुचेना. सासूला आपल्या एका चिठ्ठीची इतकी धास्ती वाटावी, याचीच तिला लाज वाटली.

"थोरले, आता तुझं काम," मावशी म्हणाली. "डिस्क बंद असताना बाबांनी वाचलेलं कुठं जाऊन बसायचं?"

थोरलीची नजर कपाटावर गेली.

"छोट्या कॉम्प्युटरच्या पोटात," ती म्हणाली. "फोल्डर सापडलं नाही तर रडत बसू नकोस, नवीन करून घे, असं मीच वाक्यं साठवणाऱ्या प्रोग्रॅमला सांगून ठेवलंय. तो करून घेत असणार. त्याच नावाचं, त्याच जागी. म्हणून तर त्याची जागा भरत आली! आणि आईंनी बटण चालू केलं, की मोठी डिस्क आपोआप येऊन त्याच जागेवर बसायची. हीही सोय माझीच. आई, टेबलावर कागद ठेवायचे आणि वरून चादर अंथरायची, तसं झालंय. कागद कुठं गेले म्हणून मी चादरीवर शोधतेय!"

"मग काढ की चादर," मावशी म्हणाली.

थोरलीने आधी रीतसर आज्ञा देऊन मोठी डिस्क सोडवली. मग म्हणाली, "आई, बटण तुम्ही बंद करा."

आईंनी चिठ्ठीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि बटण दाबलं. घरघर थांबली. खोली एकदम गप्प झाली. थोरलीने फोल्डर उघडलं.

सगळी होती. ओळीने, एकाखाली एक, पडदाभर. तिने मधलंच एक लावलं. बाबांचा आवाज आला, स्वच्छ, जवळून, त्याखाली कसलाही दुसरा आवाज नाही. 'आता गाडी तुमची. मी फक्त शेजारी बसलोय.'

आई मटकन पांघरुणांच्या ढिगावर बसल्या. थोरली त्यांच्या गळ्यातच पडली. "तुम्ही घालवला नाहीत, आई. तुम्ही वाचवलात. त्या घरघरीसकट रेकॉर्ड झालं असतं ना, तर प्रोग्रॅम घरघरच शिकला असता, आणि बाबा जन्मभर मिक्सर चालू ठेवून बोलल्यासारखे बोलले असते. फार उपकार झाले तुमचे. फार."

"उपकार कसले," आई हुंदका गिळत म्हणाल्या. "पण तेवढं धाकट्याचं ऐक. ही वाक्यं आणखी एका ठिकाणी ठेव."

"ठेवते. भाऊजींनाच सांगते ठेवायला. आणि बाबांना मी विचारते."

बाहेरून टाळी ऐकू आली. खुर्चीतल्या खुर्चीत बाबांनी आपला आवाज ऐकला होता, आणि बोलावायचं कसं ते न सुचून ते टाळ्या वाजवत होते.

७

प्रोग्रॅमला शिकायला वेळ लागला. छोटा कॉम्प्युटर तापला, भाऊजींनी ऑफिसचा नाही, स्वतःचाच मोठा लॅपटॉप आणून दिला, आणि वहिनीच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. बाबांनी आवाजाची एक प्रत बाहेर ठेवायला मान डोलावून परवानगी दिली, वर भाऊजींचा कानही ओढला. शेवटी एका सकाळी थोरलीने बाबांच्या हातात फोन दिला. "करा सुरू."

सगळे गोळा झाले. मावशीने खुर्ची पुढे ओढली. बाबा टाइप करू लागले आणि करतच राहिले. दोनदा खोडलं. चष्मा काढून पुसला.

"निबंध लिहिताय का?" आई म्हणाल्या.

बाबांनी फोन आईंच्या दिशेने वळवला आणि बटण दाबलं.

"तू रोज माझ्याजवळ बसलीस," बाबांचा आवाज म्हणाला. तोच होता, किंचित सर्दी झाल्यासारखा, पण तोच. "माझा गळा दुखायचा तेव्हा तुझा चेहरा दुखायचा. इतकी वर्षं लोकांना बोलून धीर दिला, पण तुला काही म्हणायचं राहून गेलं. बोलता येत होतं तेव्हा म्हणालो नाही, म्हणून आता म्हणतो. तू होतीस, म्हणून माझं चांगलं झालं."

मावशीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. भाऊजी नाक ओढू लागले. थोरली तर आधीपासूनच रडत होती.

आई बाबांच्या खुर्चीजवळ सरकल्या.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या.

बाबांनी पुन्हा बटण दाबलं.